प्लॅटिनम सोन्याच्या वरचं की शेजारचं?

मंडळी, आजचा विषय जरा चकचकीत आहे. प्लॅटिनम.

लग्नसराई जवळ आली की नात्यागोत्यात फोनाफोनी सुरू होते, आणि गेली काही वर्षं त्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आम्ही सोनं नाही, प्लॅटिनम घालणार आहोत." म्हणणाऱ्याच्या आवाजात एक पायरी वर चढल्याचा भाव असतो. ऐकणाराही मान डोलावतो, कारण सोन्याच्या वर प्लॅटिनम हे आता सगळ्यांनी धरूनच चाललेलं आहे. बँकेच्या कार्डात तेच, आरोग्य तपासणीच्या योजनांत तेच. आधी चांदी, मग सोनं, मग प्लॅटिनम. शाळेतल्या तुकड्यांसारखं.

ही उतरंड कुठून आली ते पाहिलं तर गंमत वाटते. अमेरिकेत खूप खपलेल्या गाण्यांच्या तबकड्यांना १९५८ पासून 'सुवर्ण तबकडी'चा मान मिळू लागला. पुढे खप इतका वाढला की सोन्याच्या वरचं काहीतरी हवं झालं, म्हणून १९७६ मध्ये 'प्लॅटिनम तबकडी' आली. अमेरिकन एक्सप्रेसने १९८४ मध्ये गोल्ड कार्डाच्या वर प्लॅटिनम कार्ड काढलं. त्या काळात प्लॅटिनम पुष्कळदा सोन्याहून महाग असायचं हे खरं, पण धातूच्या भावापेक्षा त्याच्या नावाचा भाव फार वर गेला. आणि भाव उतरले तरी नाव काही खाली यायला तयार नाही!

माझं मत आधीच सांगून टाकते. प्लॅटिनम हा फार गुणी धातू आहे. तो सोन्याच्या वरचा नाही आणि खालचाही नाही. त्याचं काम वेगळं, सोन्याचं वेगळं. हा फरक न कळता मुलीला सोन्याऐवजी प्लॅटिनम दिलं तर त्यात नुकसान मुलीचं आहे. आता हे मत कशावरून झालं, ते सविस्तर सांगते. (शिक्षकी पेशाची सवय. इतिहासापासून सुरुवात केल्याशिवाय चैन पडत नाही.)

नावापासूनच सुरू करू. स्पॅनिश भाषेत चांदीला 'प्लाता' म्हणतात. दक्षिण अमेरिकेत, आजच्या कोलंबियातल्या चोको भागात, स्पॅनिश लोक नदीच्या वाळूतून सोनं गाळत. त्या सोन्यात पांढरे, जड, न वितळणारे कण सापडायचे. त्यांना ते 'प्लातिना' म्हणू लागले. म्हणजे छोटी चांदी, हलकी चांदी. आपण मराठीत 'चांदुकली' म्हटलं तर जसं वाटेल तसं. आज ज्या शब्दाला एवढी प्रतिष्ठा आहे त्याचा जन्म नाक मुरडण्यातून झालेला आहे, हे लक्षात ठेवण्यासारखं.

नाक मुरडायला कारणही होतं. हे कण सोन्याबरोबर मुशीत घातले तर सोनं वितळे, पण हे तसेच राहत. सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, चांदी ९६२ला, आणि प्लॅटिनम १७६८ला. त्या काळच्या कुठल्याही सोनाराच्या भट्टीला ते जमणारं नव्हतं. शिवाय वजनाला सोन्यासारखंच जड, म्हणून लबाड लोक सोन्यात त्याची भेसळ करू लागले. भेसळीला आळा घालायचा म्हणून सरकारी अधिकारी ते वेगळं काढून नदीत फेकायला लावत. आज ज्याची अंगठी शोकेसमध्ये मखमलीवर ठेवतात ते एकेकाळी कचरा म्हणून नदीत गेलं.

पण स्पॅनिश लोकांना जे जमलं नाही ते तिथल्या मूळ रहिवाशांना त्यांच्या कितीतरी आधी जमलं होतं. आजच्या इक्वेडोर-कोलंबियाच्या सीमेवर, समुद्रकाठी ला तोलिता नावाचं ठिकाण आहे. तिथल्या कारागिरांनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी प्लॅटिनम आणि सोनं मिळून नाकातल्या कड्या, छोटे मुखवटे आणि दागिने घडवले. भट्टी तर साधी. मग कसं केलं? प्लॅटिनमचे बारीक कण आणि सोन्याचा चुरा एकत्र करून तापवायचं. सोनं वितळून कणांच्या मध्ये शिरतं आणि त्यांना धरून ठेवतं. राजगिऱ्याच्या लाह्या गुळाच्या पाकात घालून वडी थापतो, अगदी तसं. मग ती वडी ठोकायची, पुन्हा तापवायची, पुन्हा ठोकायची, असं करता करता सगळं एकजीव. वितळत नाही ना, मग न वितळवताच काम करू, ही त्यांची युक्ती. युरोपातल्या विद्वानांना अशाच वाटेने जायला पुढे कित्येक शतकं लागली.

युरोपात हा धातू नीट माहीत झाला तो अठराव्या शतकात. पृथ्वीचा आकार मोजायला १७३५ साली फ्रेंच शास्त्रज्ञांची एक मोहीम विषुववृत्ताकडे निघाली, तिच्यासोबत अंतोनियो दे उलोआ हा तरुण स्पॅनिश आरमारी अधिकारी होता. परतीच्या वाटेवर त्याचं जहाज इंग्रजांनी पकडलं. तो कैदी म्हणून लंडनला पोहोचला आणि तिथे त्याची विद्वत्ता पाहून रॉयल सोसायटीने त्याला आपला सदस्य करून घेतलं! त्याचं प्रवासवर्णन १७४८ मध्ये निघालं, त्यात या हट्टी धातूचा उल्लेख आहे. याच सुमारास जमैकाहून काही नमुने इंग्लंडला गेले आणि १७५० मध्ये त्यांची माहिती रॉयल सोसायटीपुढे आली. मग स्वीडन, इंग्लंड, फ्रान्स, स्पेन, सगळीकडचे रसायनशास्त्रज्ञ त्याच्या मागे लागले.

आणि वितळवलं कसं? विष घालून. सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विषारी संयुग, मिसळलं की प्लॅटिनम बऱ्याच कमी उष्णतेला वितळतं. मग पुन्हा तापवून तो विषारी धूर उडवून लावायचा. हे जिवावरचं काम पॅरिसमध्ये मार्क-एतिएन जानेती या राजाच्या सुवर्णकाराने केलं. सोळाव्या लुईच्या काळातलं, १७८६ सालचं, त्याने केलेलं प्लॅटिनमचं नक्षीदार साखरेचं भांडं आजही न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. आत निळ्या काचेचं भांडं, बाहेर प्लॅटिनमची जाळी.

तीनच वर्षांनी फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. राजा गेला, पण सोनाराला नवं काम मिळालं. क्रांतीच्या सरकारने नवी मापं ठरवली होती, मीटर आणि किलोग्रॅम. ती कशाची करायची? गंजणारा, झिजणारा, हवेने बदलणारा धातू मापाला चालत नाही. १७९९ सालचे ते पहिले प्रमाण मीटर आणि किलोग्रॅम प्लॅटिनमचे केले गेले, आणि तेही जानेतीनेच. राजाच्या साखरेच्या भांड्यातून तो धातू थेट जनतेच्या वजनमापात आला. पुढे १८८९ मध्ये प्लॅटिनममध्ये दहा टक्के इरिडियम मिसळून नवा किलो केला, आणि २० मे २०१९ पर्यंत साऱ्या जगाचा किलो म्हणजे पॅरिसजवळ सेव्र इथे काचेच्या घुमटाखाली ठेवलेला तो लहानसा दंडगोल. किती लहान? उंची ३९ मिलिमीटर आणि रुंदीही तेवढीच. एखाद्या लिंबाएवढा ऐवज, आणि वजन किलोभर!

मला या धातूबद्दल खरा आदर वाटतो तो इथे. मापाला लागतं ते इमान, आणि प्लॅटिनमकडे ते आहे.

पैशाचं मात्र त्याला जमलं नाही. रशियात उरल पर्वतात १८१९ च्या सुमारास प्लॅटिनम सापडलं आणि पुढच्या काही वर्षांत इतकं निघू लागलं की करायचं काय हा प्रश्न पडला. झारच्या सरकारने १८२८ पासून त्याची नाणी पाडली, तीन, सहा आणि बारा रुबलची. पण बाजारात धातूचा भाव स्थिर राहीना, नाण्यावरची किंमत आणि आतल्या धातूची किंमत जुळेना. १८४५ मध्ये ती बंद करून परत घेतली. सतरा वर्षांत खेळ आटोपला. जगातली सोन्याची नाणी किती शतकं चालली ते वेगळं सांगायला नको. हा मुद्दा पुढे लागणार आहे, तेवढा ध्यानात असू द्या.

दागिन्यांत प्लॅटिनमचे दिवस आले ते हिऱ्यांमुळे. मध्ये दोन गोष्टी घडल्या. लंडनमध्ये वुलस्टन या शास्त्रज्ञाने प्लॅटिनम अम्लराजात विरघळवून, शुद्ध करून, त्याची भुकटी दाबून आणि तापवून ठोकता येईल असा धातू करण्याची रीत बसवली. वर्षानुवर्षं ती गुप्त ठेवून त्यावर उत्तम पैसा केला आणि १८२८ मध्ये, मरणाच्या थोडंच आधी, ती जाहीर केली. पुढे १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये देव्हिल आणि दब्रे यांनी चुन्याच्या भट्टीत ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्वाळेने प्लॅटिनम चक्क वितळवून दाखवलं. मग १८६७ नंतर दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडले आणि युरोप-अमेरिकेच्या श्रीमंतांकडे हिऱ्यांचा पूर आला.

हिरा बसवायला कोंदण लागतं. सोन्याच्या कोंदणात पांढऱ्या हिऱ्याला पिवळी झाक येते, म्हणून तिकडे हिरे चांदीत बसवत. पण चांदी काळी पडते आणि मऊही असते. हिरा घट्ट धरायचा तर जाड पट्टी लागते, ती अंगाला आणि कपड्याला डाग लावते म्हणून मागून सोन्याचा पत्रा. दागिना बोजड व्हायचा. प्लॅटिनमने हे सगळं एका फटक्यात सोडवलं. पांढरं, काळं न पडणारं, आणि इतकं चिवट की केसासारख्या बारीक तारेने आणि मोहरीएवढ्या दाण्यांनी हिरा जन्मभर धरून ठेवावा. विसाव्या शतकाच्या तोंडावर पॅरिसच्या लुई कार्तिएने हे ओळखलं. त्या काळचे हार पाहिले तर हिरे हवेत तरंगताहेत असं वाटतं, कारण त्यांना धरणारा हात दिसतच नाही.

आपल्याकडचे राजेमहाराजेही मागे नव्हते. पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांनी कार्तिएकडून करवून घेतलेला हार १९२८ मध्ये पुरा झाला. त्यात २९३० हिरे, मधोमध सुमारे २३४ कॅरटचा प्रसिद्ध 'डी बिअर्स' हिरा, आणि सगळं प्लॅटिनमच्या साखळ्यांत. १९४८ च्या सुमारास तो हार राजवाड्याच्या खजिन्यातून नाहीसा झाला. मोठा हिरा १९८२ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात दिसला. आणि १९९८ मध्ये कार्तिएच्या एका जाणकाराला लंडनच्या एका जुन्या दागिन्यांच्या दुकानात त्या हाराचा सांगाडा मिळाला. मोठी रत्नं सगळी गेलेली, राहिल्या होत्या प्लॅटिनमच्या साखळ्या! ज्याने कोणी तो हार फोडला त्याला मोल कशाचं आहे ते चांगलं ठाऊक होतं. रत्नं नेली, कोंदण ठेवलं.

आपला कोहिनूरही आज प्लॅटिनममध्येच बसलेला आहे, बरं का. १९३७ मध्ये इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ (म्हणजे परवापर्यंत गादीवर असलेल्या राणीच्या आई) यांच्यासाठी जो मुकुट केला त्याचा सांगाडा प्लॅटिनमचा आहे. कोहिनूर कुणाचा यावर वाद घालायला इथे जागा पुरायची नाही, पण त्याला धरून कोण बसलंय ते आता कळलं.

महायुद्धांनी प्लॅटिनमला दागिन्यांतून बाहेर ओढलं. स्फोटकांना लागणारं नायट्रिक आम्ल करायला प्लॅटिनमची जाळी लागते. पहिल्या महायुद्धात मुख्य पुरवठा करणारा रशिया क्रांतीत अडकला. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकेने दागिन्यांत प्लॅटिनम वापरायलाच बंदी केली. याच ओढाताणीत पर्याय म्हणून 'व्हाइट गोल्ड', पांढरं सोनं, पुढे आलं. आजही आपल्याकडे पुष्कळ लोक या दोघांत गल्लत करतात, म्हणून एकदा स्पष्ट सांगते. व्हाइट गोल्ड म्हणजे सोनंच. त्यात निकेल किंवा पॅलेडियम मिसळून ते फिकट करतात आणि वरून ऱ्होडियमचा मुलामा देतात. रोज वापरलं की काही वर्षांत मुलामा उडतो आणि आतला पिवळसर रंग डोकावतो, मग पुन्हा मुलामा. प्लॅटिनम आतून-बाहेरून पांढरंच असतं. त्याला मुलाम्याची गरज नाही.

आता हातात घेऊन पाहिल्यावर काय कळतं ते.

पहिली गोष्ट वजन. प्लॅटिनम पाण्याच्या सुमारे साडेएकवीस पट जड आहे, सोनं एकोणीस पट. दागिन्यांत १८ कॅरट सोन्यात चतुर्थांश दुसरे हलके धातू असतात, त्यामुळे त्याच मापाची, त्याच घडणीची अंगठी प्लॅटिनममध्ये केली तर जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने जड भरते. म्हणून नुसता ग्रॅमचा भाव विचारून 'अरे, हे तर स्वस्त' असं म्हणू नये. ग्रॅम जास्त लागणार आहेत.

दुसरी गोष्ट शुद्धता. दागिन्यातलं प्लॅटिनम बहुधा ९५ टक्के शुद्ध असतं. आपलं २२ कॅरट सोनं ९१.६ टक्के. उरलेल्या पाच टक्क्यांत रुथेनियम, इरिडियम, कोबाल्ट, तांबं असं काही असतं. इतकं शुद्ध असल्याने नाजूक कातडीच्या माणसालाही ते सहसा बाधत नाही. ज्यांना नकली दागिन्यांनी कानाच्या पाळ्या सुजतात त्यांना याचं महत्त्व कळेल.

तिसरी गोष्ट झीज. ही मला सगळ्यात आवडते. प्लॅटिनमवर ओरखडे पडत नाहीत असं दुकानात सांगतात, ते खरं नाही. पडतात, आणि चांगले दिसण्याइतके पडतात. पण सोन्यावर ओरखडा पडला की धातूचा कण निघून जातो. जुन्या पाटल्या आतून कशा पातळ होतात ते आपण पाहिलंच आहे. प्लॅटिनममध्ये धातू बाजूला सरकतो, बराचसा तिथेच राहतो. काही वर्षांनी त्यावर मंद, राखी अशी झळाळी येते. काहींना ती आवडते, नसेल आवडत तर पॉलिश करून घ्यावं. वजन फारसं घटत नाही.

चौथी गोष्ट कारागीर. कोपऱ्यावरचा सोनार डाग देतो, अंगठी सैल-घट्ट करतो, तुटलेली कडी जोडतो. प्लॅटिनम त्याच्या फुंकणीला आणि मुशीला दाद देत नाही. त्याला वेगळी ज्वाळा लागते, वेगळ्या मुशी लागतात, डोळ्यांना काळा चष्मा लागतो, हत्यारंसुद्धा वेगळी ठेवावी लागतात, कारण दुसऱ्या धातूचा कण मिसळला तर काम बिघडतं. म्हणून घडणावळ जास्त आणि दुरुस्ती ठरावीक ठिकाणीच. बोटं काही आयुष्यभर एका मापाची राहत नाहीत, हे पंचविशीतल्या मुलांना पटत नसलं तरी आपल्याला माहीत आहे!

हा धातू येतो कुठून, तेही सांगायला हवं. जगातलं बहुतेक प्लॅटिनम आज दक्षिण आफ्रिकेच्या बुशवेल्ड भागातून येतं. तिथले मोठे साठे १९२४ मध्ये हान्स मेरेन्स्की या भूशास्त्रज्ञाच्या शोधाने उजेडात आले. टनभर खडक खोल जमिनीतून वर काढावा तेव्हा जेमतेम काही ग्रॅम हाती लागतात. तिथेच, मारिकाना इथे, १६ ऑगस्ट २०१२ रोजी पगारवाढीसाठी संपावर गेलेल्या ३४ खाणकामगारांना पोलिसांनी गोळ्या घातल्या. जाहिरातीतलं जोडपं समुद्रकाठी एकमेकांच्या बोटात अंगठी घालतं तेव्हा हे कुठेच दिसत नाही. सोन्याचा इतिहासही धुतल्या तांदळाचा नाही, ठाऊक आहे. पण 'प्रेमाचा शुद्ध धातू' असं कोणी म्हटलं की मला ते गाव आठवतं.

ही जाहिरातही आपोआप आलेली नाही. खाणवाल्यांच्या पैशावर १९७५ मध्ये प्लॅटिनम गिल्ड नावाची संस्था निघाली. जपान, मग चीन, आणि २००० च्या सुमारास भारत. आपल्याकडे सोन्याशी आईबापांच्या पिढीचं नातं, म्हणून प्लॅटिनम नव्या पिढीचं, दोघांच्या प्रेमाचं, अशी हुशारीने वाटणी केली. माल विकणाऱ्याने जाहिरात करावी, त्यात गैर काही नाही. ऐकणाऱ्याने आपलं डोकं चालवावं इतकंच.

आणि आता माझा मूळ मुद्दा.

आपल्याकडे दागिना म्हणजे दोन गोष्टी एकत्र असतात. एक शोभा आणि दुसरी ठेव. आपल्या आज्या-पणज्यांना बँकेत खातं नव्हतं, घर नावावर नव्हतं, शेत तर नव्हतंच. जे काही त्यांचं म्हणून होतं ते अंगावर होतं. गुंजभर का होईना, पाडव्याला किंवा दसऱ्याला सोनं घेण्यामागे हौस कमी आणि हिशेब जास्त होता. माझ्या स्वतःच्या पाटल्या दोनदा तारण गेल्या, एकदा १९८३ मध्ये घराच्या पायासाठी आणि एकदा धाकट्याच्या फीसाठी. दोन्ही वेळा सोडवून आणल्या. पेढीवर कोणी बिल मागितलं नाही, कुठल्या दुकानाच्या असं विचारलं नाही. कसोटीवर घासून कस पाहिला, तराजूत टाकल्या, पैसे हातात.

प्लॅटिनमचं काय होतं? आमच्या ओळखीतल्या एका मुलीवर नवऱ्याच्या आजारपणात दागिने मोडायची वेळ आली. सोन्याचं काम एका दुपारी झालं. प्लॅटिनमच्या जोडीच्या अंगठ्यांना दोन सराफांनी हातच लावला नाही. आम्ही यात व्यवहार करत नाही म्हणाले. जिथून घेतल्या तिथे गेली तर मूळ पावती हवी, घडणावळ जाणार, वर कपात. जे हाती आलं ते ऐकून मीच गप्प झाले. गावोगाव 'सोनेतारण कर्ज' असे फलक आहेत. 'प्लॅटिनमतारण' असा फलक मी अजून पाहिलेला नाही. तुम्ही पाहिलात?

भावाचं म्हणाल तर मार्च २००८ मध्ये प्लॅटिनम औंसाला २२०० डॉलरच्या वर गेलं होतं, सोनं तेव्हा हजाराच्या आसपास. म्हणजे दुपटीहून जास्त. त्याच वर्षाच्या अखेरीस मंदीत मोटारींचा खप कोसळला आणि प्लॅटिनम हजाराच्याही खाली आलं. मोटारींचा काय संबंध? गाडीच्या धुरातलं विष कमी करणाऱ्या यंत्रात प्लॅटिनम असतं आणि जगातला त्याचा मोठा खप तिथेच आहे. म्हणजे मुलीच्या बोटातल्या अंगठीचा भाव कुठल्या तरी देशातल्या डिझेल गाड्यांवर ठरतो. २०१५ पासूनचा काळ पाहिला तर प्लॅटिनम सोन्यापेक्षा स्वस्तच राहिलं आहे. सोन्याच्या मागे मात्र जगभरच्या मध्यवर्ती बँका आणि आपल्यासारखी कोट्यवधी घरं उभी आहेत. झारच्या नाण्यांची गोष्ट आठवा.

'पण ते जास्त दुर्मिळ आहे ना?' असा एक प्रश्न येतो. आहे. वर्षाला खाणींतून सोनं तीन हजार टनांहून अधिक निघतं, प्लॅटिनम दोनशे टनही नाही. पण दुर्मिळ म्हणजे मौल्यवान असं गणित नसतं. अडचणीच्या दिवशी ते कोण घेईल, यावर ठेवीची किंमत ठरते.

मग प्लॅटिनम घेऊच नये का? असं मी मुळीच म्हणत नाही. हिऱ्याची अंगठी रोज घालायची असेल तर हिरा धरायला प्लॅटिनमसारखं दुसरं काही नाही. पिवळं सोनं न आवडणाऱ्या, साधी, जड, टिकाऊ अंगठी हवी असणाऱ्या मुलामुलींनी ते जरूर घ्यावं. आमच्या पिढीतल्या काही बायका 'पांढरा धातू पायातला' म्हणून नाक मुरडतात, तेही मला पटत नाही. जोडवी चांदीची म्हणून प्लॅटिनम काही चांदी होत नाही. हौसेला हौस म्हणावं आणि आपल्या ऐपतीत करावी. फक्त ती करताना मुलीच्या ठेवीतून पैसे काढू नयेत. अंगठ्या प्लॅटिनमच्या करा, पण बांगड्यांच्या सोन्याला हात लावू नका. आणि सोनं नकोच असेल तर तेवढी रक्कम तिच्या एकटीच्या नावावर बँकेत ठेवा. तेही चालेल, किंबहुना जास्त चांगलं.

घ्यायला जाल तेव्हा थोडं विचारून घ्या. आतल्या बाजूला पी-टी आणि ९५० असा छाप आहे का? प्रमाणपत्र मिळेल का? घडणावळ वेगळी लिहून द्याल का? माप बदलायचं झालं तर कोण करेल आणि काय घेईल? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाच वर्षांनी परत आणलं तर किती कापाल? हा शेवटचा प्रश्न विचारायला आपल्याकडे लोक लाजतात. शुभकार्यात अशुभ कशाला बोलायचं म्हणतात. आपल्या आज्या लाजत नव्हत्या. त्या दागिना घेतानाच तो मोडला तर काय येईल ते विचारायच्या आणि मग घालून मिरवायच्या.

जाता जाता एक. १९६५ मध्ये अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ जिवाणूंवर विजेचा परिणाम पाहत होते. त्यांच्या लक्षात आलं की जिवाणूंची वाढ वीज थांबवत नसून विजेच्या पट्ट्यांतल्या प्लॅटिनमपासून तयार झालेलं एक संयुग थांबवतंय. त्यातून 'सिस्प्लॅटिन' हे कर्करोगावरचं औषध आलं आणि १९७८ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. आजही ते वापरतात. मापात इमान राखणारा, हिऱ्याला हात देणारा, धुरातलं विष कमी करणारा आणि रोग्याच्या कामी येणारा हा धातू आहे. एवढं काम करणाऱ्याला सोन्याच्या वर बसवून ठेवायची काय गरज? शेजारी बसला तरी त्याचा मान काही कमी होत नाही.

असो. बरंच लांबलं. तुमच्यापैकी कोणी प्लॅटिनमचा दागिना मोडला असेल, बदलून घेतला असेल किंवा वीस वर्षं रोज घातला असेल, तर अनुभव जरूर लिहा. आणि घरात यंदा कुणाचं लग्न असेल तर याद्या करण्याआधी एकदा हे वाचून दाखवा. रागावले तर माझं नाव सांगा!